अढीतला आंबा गरम का होतो? पेशी साखरेतून ऊर्जा कशी काढतात यावर धागा

हापूसवाडी

मंडळी, आंब्याचे दिवस आहेत म्हणून हा प्रश्न. भाताच्या पेंढ्यात अढी लावली की काही दिवसांनी आत हात घातल्यावर चांगली ऊब लागते. आंब्याला रंग चढू लागला की ती वाढते. आमच्याकडे जुनी माणसं लगेच "अढी तापली, फळ फिरवा" म्हणतात, आणि न फिरवल्यास मधले आंबे आधी पिकून काळे पडतात हे दर वर्षी दिसतं.

पेंढा कुजून ऊब येते असं काहीजण सांगतात. पण कोरडा पेंढा नुसता रचून ठेवला तर तो गार राहतो. म्हणजे उष्णता आंब्याचीच. झाडावरून उतरलेलं फळ, ना मूळ ना ऊन, मग आत जळतंय काय? पुतण्या बारावीला आहे, तो म्हणाला "श्वसन", आणि ग्लुकोज अधिक ऑक्सिजन असं समीकरण लिहून दिलं. समीकरण पटलं, पण तीस-बत्तीस अंशांना, पाण्याने भरलेल्या फळात, ज्योत न लागता साखर जळते कशी, हे मला समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी हात आखडता घेऊ नये.

खाडीपलीकडे

पुतण्याने बरोबर सांगितलं. काढलेलं फळ मेलेलं नसतं, त्याच्या पेशी श्वसन करतच असतात. त्यात आंबा हे काढल्यावर पिकणारं फळ. केळं, फणस, पपई, चिकू त्याच्याच जातीचे. काजूचं बोंड किंवा लिंबू तसं नाही. चौदा आण्यांना, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार पण अजून कच्चा असताना, उतरवलेल्या हापूसमध्ये पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, भरलेला असतो. फळात इथिलीन वायू तयार होऊ लागला की स्टार्चची साखर व्हायला लागते आणि त्याच सुमारास श्वसनाचा वेग एकदम चढतो. तुमची ऊब ती हीच.

आकडा देतो. २० अंशांना एक किलो आंबा तासाला साधारण ३५ ते ८० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यावरून उष्णता काढली तर एक टन आंब्यामागे दोनशे ते साडेचारशे वॅट येतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभरएक वॅट बाहेर पडतात, म्हणजे अढीत तीन-चार माणसं कोंडून बसल्यासारखं झालं. आपल्याकडच्या मे महिन्यात आकडा याहून जास्तच, कारण दहा अंश वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ऊब वाढली की वेग वाढतो, वेग वाढला की ऊब वाढते. फळ फिरवून, थर पातळ ठेवून हे चक्र तोडायचं असतं.

ज्योत न लागता कसं, हे मात्र कातळफूल ताईंनी सांगावं. तो त्यांचा प्रांत.

कातळफूल

हा माझा फार आवडता प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळलं की सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता सुटते. चुलीत जाळा नाहीतर पेशीत, बेरीज तीच, कारण सुरुवातीला साखर आणि ऑक्सिजन आहेत, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. फरक वाटेत आहे. चुलीत सगळी ऊर्जा एका झटक्यात उष्णता होऊन जाते. पेशीला तशा उष्णतेचा उपयोग नाही. उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर एक बाजू गरम आणि दुसरी गार लागते, आणि पेशीत सगळीकडे तापमान जवळपास एकच. म्हणून पेशी साखरेला ऑक्सिजन भिडूच देत नाही. साखरेतले इलेक्ट्रॉन ती विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, मदतीने जोडी-जोडीने काढून घेते आणि हातोहात पुढे देते. ऑक्सिजन उभा असतो तो पार शेवटी.

पहिला टप्पा ग्लायकोलिसिस. तो पेशीद्रवात होतो, त्यात १० पायऱ्या आहेत, आणि ऑक्सिजनची गरज एकाही पायरीला नाही. सुरुवातीला पेशीच पदरचे दोन एटीपी (पेशी ज्या रेणूत कामाची ऊर्जा ठेवते आणि लागेल तशी खर्च करते तो) खर्च करून साखरेला फॉस्फेट चिकटवते. मग सहा कार्बनचा रेणू फुटून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, आणि पुढच्या पायऱ्यांत चार एटीपी मिळतात. निव्वळ कमाई दोन. मधेच काही इलेक्ट्रॉन निघतात, ते एनएडी नावाचा वाहक उचलतो. शेवटी उरतात पायरुव्हेटचे दोन रेणू, आणि साखरेतली बहुतेक ऊर्जा अजून त्यांच्यातच असते.

वाहकाची गोष्ट इथेच लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे फाटे तिथून फुटतात. पेशीत एनएडी अगदी थोडा असतो. उचललेले इलेक्ट्रॉन कुणाला तरी देऊन तो मोकळा झाला नाही, तर ग्लायकोलिसिससुद्धा थांबतं.

ऑक्सिजन असेल तर पायरुव्हेट तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या कप्प्यात (मायटोकॉन्ड्रिया), जातं. तिथे त्यातला एक कार्बन निघतो, उरलेले दोन क्रेब्ज चक्रात शिरतात आणि तेही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. हॅन्स क्रेब्ज यांनी हे चक्र १९३७ मध्ये मांडलं. 'नेचर'ने तेव्हा त्यांचा लेख परत पाठवला होता, आणि १९५३ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. साखरेचे सहाही कार्बन इथवर संपतात, आणि ऑक्सिजन अजूनही आलेला नाही! आपण आत घेतलेल्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन साखरेतला आणि चक्रात सामील झालेल्या पाण्यातला असतो.

आता वाहकांवर लादलेले इलेक्ट्रॉन. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात प्रथिनांची साखळी बसवलेली आहे. इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात, प्रत्येक टप्प्याला थोडी ऊर्जा सुटते, आणि त्या ऊर्जेवर ही प्रथिनं हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, पडद्यापलीकडे ढकलतात. शेवटचं प्रथिन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतं आणि त्याचं पाणी बनतं. पलीकडे प्रोटॉनची दाटी झालेली, पडदा त्यांना सहज सोडत नाही. खारभूमीच्या बांधाबाहेर भरतीचं पाणी चढावं आणि आत यायला एकच उघाडी असावी, तशी ही स्थिती. इथली उघाडी म्हणजे एटीपी सिंथेज हे प्रथिन. प्रोटॉन त्यातून आत येताना त्याचा एक भाग खरोखर गरगर फिरतो आणि दर फेऱ्याला तीन एटीपी तयार होतात. हे फिरणं १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिलं.

पडद्यावरचा दाब केवढा, तर साधारण १५० मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो, पण पडद्याची जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर. मीटरच्या हिशेबात ते तीन कोटी व्होल्ट झाले. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा फार थोड्यांनी ती मानली. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या सगळ्यात साखरेतल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश हिस्सा एटीपीत उतरतो, बाकी उष्णता होते. आणि एटीपी खर्च झाला की तोही शेवटी उष्णताच देतो. आंबा काही ओझं उचलत नाही, चालत नाही. म्हणून त्याने वापरलेल्या साखरेची जवळपास सगळी ऊर्जा तुमच्या हाताला ऊब म्हणून लागते.

हापूसवाडी

ताई, दोनदा वाचलं. ऑक्सिजनचं पाणी होतं हे खरंच माहीत नव्हतं. आता पुढचं: गेल्या हंगामात मुंबईच्या एका नातेवाइकांनी आंबे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले. आंबे पिकले नाहीत आणि वास दारूसारखा आला. हेही त्यातलंच का?

खाडीपलीकडे

त्यातलंच. पिशवीतला ऑक्सिजन आंब्यांनीच संपवला. साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन घ्यायला कुणी नाही, म्हणून साखळी तुंबली आणि एनएडी अडकला. मग फळ पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं, राहिलेल्या अॅसिटाल्डिहाइडला इलेक्ट्रॉन देतं आणि त्याचं अल्कोहोल होतं. एनएडी सुटतो आणि दोन-दोन एटीपींवर फळ कसंबसं तग धरतं. वास आला तो अल्कोहोल आणि अॅसिटाल्डिहाइडचा. खोक्यांना भोकं असतात ती याचसाठी.

जाता जाता: लवकर पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो, कारण फळ स्वतःच तो बनवतं. कुणी कार्बाइडची पुडी दिली तर घेऊ नका.

माडाखाली

माका एक सांगा. माडीत कोण साखर घालीत नाय, दारू घालीत नाय. सकाळी मडक्या उतरयला काय गोड, आणि दुपार जाली काय ती चढाक लागता. आमचे आजे मडक्याक आतसून चुनो लायत, मगे ती गोड ऱ्हवायची. आणि मडक्या तर उघडाच आसता, वारो लागता. मगे ऑक्सिजन नाय असा कसा म्हणतास?

कातळफूल

माडाखाली दादा, शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे.

साखर घालावी लागत नाही, कारण माडाच्या पोयीतून गळणारा रस मुळातच गोड. त्यात शेकडा १२ ते १५ च्या आसपास साखर असते, बहुतेक सुक्रोज. हवेतून, पोयीवरून, आदल्या मडक्यातून यीस्ट आणि जिवाणू त्यात पडतात. यीस्ट आधी सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, मग वर सांगितलेलंच ग्लायकोलिसिस, आणि इलेक्ट्रॉन शेवटी अॅसिटाल्डिहाइडकडे. बाहेर पडतं अल्कोहोल, आणि फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. चुन्याने रस अल्कधर्मी होतो, त्यात या जीवांची वाढ खुंटते, म्हणून नीरा गोड राहते. तुमच्या आज्यांची रीत शास्त्राला धरून होती.

आता उघड्या मडक्याचं. रसात विरघळलेला ऑक्सिजन थोडाच असतो आणि फेसामुळे नवा फारसा आत येत नाही, हे एक. पण मोठं कारण असं की साखर भरपूर असेल तर हे यीस्ट ऑक्सिजन असतानाही अल्कोहोलच करतं. एका रेणूमागे कमाई कमी, पण वेग दांडगा, आणि अल्कोहोलमुळे बाकीचे जीव मागे हटतात. साखर संपली की तेच यीस्ट अल्कोहोल जाळायला घेतं. माडी आणखी ठेवली की अॅसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू ऑक्सिजन वापरून अल्कोहोलचं अॅसेटिक आम्ल करतात. गोव्यात माडीचं व्हिनेगर होतं ते असं.

ह्या विषयाची सुरुवातही यीस्टपासूनच झाली. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर कुटून त्याचा रस पिळला. टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर रसच फसफसू लागला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती. किण्वनाला जिवंत जीवच लागतो हा समज तिथे संपला आणि विकरांचा अभ्यास सुरू झाला. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

माडाखाली

देव बरा करो. आता चुन्याचा समाजला.

रापणकरी

आम्ही रापण ओढणारी माणसं. जाळं जड झालं की दोर ओढता ओढता दंड भरून येतात, आग होते, थोडं थांबलं की पुन्हा ओढता येतं. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते वेगळंच. हे लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, असं गावात आलेल्या एका व्यायाम शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. खरं आहे का?

तालीमखाना

याचं मी सांगतो.

जोर लावल्यावर पहिली काही सेकंदं स्नायू क्रिएटिन फॉस्फेटवर चालतो. तो एटीपीची तात्काळ भरपाई करतो. हा पदार्थ १९२७ मध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर हार्वर्डमध्ये शोधणारे होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९२९ मध्ये एटीपीही त्याच दोघांनी वेगळा केला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही. सुब्बारावांचं नाव शाळेच्या पुस्तकात ठळक यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर साखर. रक्तातून ऑक्सिजन येतोच, पण जोराच्या कामात ग्लायकोलिसिसचा वेग तंतुकणिकांच्या पुढे जातो. मग स्नायू पायरुव्हेटलाच इलेक्ट्रॉन देऊन लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच शरीरातलं रूप) बनवतो आणि एनएडी मोकळा करतो. यीस्टने अल्कोहोल करून जे साधलं, तेच. लॅक्टेट वाया जात नाही. हृदय ते जाळतं, आणि यकृत त्याची पुन्हा साखर करून रक्तात सोडतं. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या पती-पत्नींच्या नावाने ओळखलं जातं. १९४७ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

दुसऱ्या दिवशीचा ठणका लॅक्टिक आम्लाचा नव्हे. लॅक्टेट थांबल्यावर तासा-दोन तासांत नेहमीच्या पातळीला येतं. ठणका स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांचा आणि त्यावरच्या सुजेचा. हंगामाच्या सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी दुखतं ना? स्नायू त्या कामाला सरावतो म्हणून.

रापणकरी

अगदी तसंच. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या ओढीला सगळे कण्हतात, पुढे काही नाही. आभारी आहे.

पुतण्या_बारावी

नमस्कार, वर उल्लेख झालेला पुतण्या मीच. ताई, एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी असं एका पुस्तकात आहे, दुसऱ्यात ३२, क्लासमध्ये ३६ सांगितलं. परीक्षेत काय लिहू?

कातळफूल

परीक्षेत तुझ्या पाठ्यपुस्तकात असेल तेच लिही, पण खरा हिशेब समजून घे. एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच (म्हणजे इलेक्ट्रॉन लादलेला एनएडी), २ एफएडीएच२ (तसाच दुसरा भरलेला वाहक) आणि थेट मिळालेले ४ एटीपी (क्रेब्ज चक्रातले दोन जीटीपी, म्हणजे एटीपीच्याच तोलाचे रेणू, धरून). पूर्वी एका एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच२ चे २ एटीपी धरत, म्हणून ३० अधिक ४ अधिक ४, म्हणजे ३८. पण प्रोटॉन मोजल्यावर चित्र बदललं. एका एनएडीएचमागे साधारण १० प्रोटॉन ढकलले जातात, आणि एक एटीपी बनवून तो तंतुकणिकेबाहेर पोचवायला जवळपास ४ लागतात. म्हणजे अडीच. एफएडीएच२ चे दीड. मग २५ अधिक ३ अधिक ४, बरोबर ३२. ग्लायकोलिसिसमधले दोन एनएडीएच तंतुकणिकेत थेट जाऊ शकत नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन कमी फायद्याच्या वाटेने आत गेले तर ३०. जुन्या पद्धतीत याच कारणाने ३८ चे ३६ होत. पडद्यातून थोडे प्रोटॉन झिरपतातही, त्यामुळे जिवंत पेशीत आकडा याहून खाली असतो.

आणि एक आकडा वहीत लिहून ठेव. माणसाच्या अंगात एका वेळी एटीपी असतो शंभरएक ग्रॅम. दिवसभरात वापरला जातो सुमारे ४० किलो, तेही विश्रांती घेताना. तोच तोच रेणू मोडतो आणि पुन्हा जोडला जातो.

रानवाट

पडदा झिरपण्यावरून आठवलं. सुरणाचं फूल उमलताना हात लावून पाहा, ते आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असतं आणि कुजक्या मांसासारखी घाण सुटते. हीच यंत्रणा का?

कातळफूल

यंत्रणा तीच, पण सुरणात एक आडवाट आहे. वनस्पतींच्या तंतुकणिकांत एक पर्यायी विकर असतं. ते साखळीतले पुढचे टप्पे टाळून इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला देतं. प्रोटॉन कमी ढकलले जातात, एटीपी कमी बनतो आणि उरलेली ऊर्जा उष्णता होते. सुरणाच्या कुळातली फुलं या वाटेचा भरपूर वापर करतात. उष्णतेने वास दूरवर पसरतो आणि मांसावर बसणारे किडे परागीभवनाला येतात. पिकत्या आंब्यातही हे विकर सापडलं आहे.

तान्ह्या बाळांच्या तपकिरी चरबीत वेगळी सोय आहे. तिथे एक प्रथिन प्रोटॉनना एटीपी न बनवताच परत आत सोडतं. बाळाला थंडीत कुडकुडता येत नाही, ते असं गरम राहतं.

खडपावरची

मी कालवं काढायला जाते. ओहोटीला खडपावर ती घट्ट मिटलेली असतात, वर कडक ऊन. पाणी नाही तर श्वास कसा घेतात? आणि पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की कितीतरी दिवस मिटूनच असतात.

कातळफूल

ताई, मिटलेलं कालव ऑक्सिजनशिवायच दिवस काढतं, आणि यीस्टपेक्षा, आपल्या स्नायूंपेक्षाही चांगल्या पद्धतीने. त्याच्या अंगात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरपूर असतो. भरलेल्या कालवाची गोडसर चव बरीचशी त्याचीच. मिटल्यावर ते आपला कारभार अगदी मंदावतं. मग इलेक्ट्रॉन ऑक्सिजनऐवजी फ्युमरेट या रेणूला देतं आणि त्याचं सक्सिनेट होतं. या वाटेने तंतुकणिकांतले थोडे प्रोटॉन तेव्हाही ढकलले जातात, म्हणून एका साखरेमागे दोनपेक्षा जास्त एटीपी पडतात. आपण लॅक्टेट बनवतो तेव्हा दोनच मिळतात.

आम्ल साठतं ते कालवालाही सोसत नाही. त्यावर उपाय शिंपल्यातच आहे: आतल्या बाजूचा चुना थोडा विरघळून आम्ल मारतो. भरतीला तोंड उघडलं की काही काळ ते नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन ओढतं आणि साठलेलं सक्सिनेट निस्तरतं. खाडीचं पाणी गोडं झालं तरी हीच रीत, फक्त मुक्काम लांबतो. तेवढ्यात ग्लायकोजेन संपत जातं, म्हणून पावसात बराच काळ मिटून राहिलेलं कालव उघडलं तर मांस बारीक आणि पाणचट निघतं.

खडपावरची

बरोबर, पाणचटच निघतं. आम्ही तेव्हा काढतच नाही.